मॅसेडोनियाचे झुंजारे

“आधी या घोडेस्वाराकडे बघा, मग माझ्याकडे,” आबासाहेब म्हणाले आणि मान वळवून त्यांनी मला आपली उजवी बाजू दाखवली.

मी आधी नाण्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. नाण्यावर भाला रोखलेला मॅसेडोनियाचा एक स्वार होता. समोरच्या खुर्चीत आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आबासाहेब झुंजारे होते, आणि खुर्ची कुरकुरत होती.

“नाक,” त्यांनी मला मदत केली.

“हो, नाकात साम्य आहे खरं,” मी म्हणाले.

त्या स्वाराला नाक नव्हतं. अख्खा स्वार घोड्यासकट माझ्या अंगठ्याच्या नखावर मावला असता, त्यात नाक कुठून येणार? पण मला साम्य दिसलं. का दिसलं ते सांगते, मग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

साल शहाऐंशी. मी, विनया ओगले, वय एकोणतीस, करंजवाडीच्या कॉलेजात इतिहास शिकवत होते, पण टेंपररी. दर एप्रिलच्या शेवटी मला कार्यमुक्त करायचे आणि जूनच्या मध्यावर पुन्हा नेमायचे, म्हणजे नोकरी सलग दिसत नाही. अशी पाच वर्षं. वडील गेलेले, आई माझ्याजवळ, भाड्याच्या दोन खोल्या. घरमालक दर उन्हाळ्यात विचारायचे, “मग, जूनला आहात ना?” आणि आई माझ्या तोंडाकडे बघायची. त्या वर्षी मला कायम करण्याचा कागद टाइप होऊन आबासाहेबांच्या खणात पडला होता. हेडक्लार्कनं मला तो लांबूनच दाखवलाही होता, नव्या बाळाचं तोंड दाखवतात तसा. फक्त सही राहिली होती, आणि ती त्या नाण्यांपायी अडली होती.

आबासाहेबांची सिमेंटची एजन्सी होती. वडिलांचं रॉकेलचं दुकान होतं. यात वाईट काही नाही, दोघांनी सचोटीनं धंदा केला आणि गावाला कॉलेज दिलं. पण पन्नाशीनंतर आबासाहेबांना सिमेंटचा कंटाळा आला आणि घराण्यात एखादी तरी लढाई असावी असं वाटायला लागलं. बंगल्याच्या दिवाणखान्यात त्यांनी दोन तलवारी, एक भाला आणि तीन ढाली टांगल्या होत्या. त्यांतली एक तलवार बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या लिलावातली, तिला जन्मात कधी धार नव्हती. खुद्द आबासाहेबांचा युद्धाचा अनुभव म्हणजे कॉलेजात असताना एनसीसीचा दहा दिवसांचा कॅम्प. तिथून ते तिसऱ्या दिवशी पोट बिघडून घरी आले. बूट मात्र त्यांनी अजून जपून ठेवले होते आणि दर रविवारी त्यांना स्वतः पॉलिश करत.

त्या मे महिन्यात ते आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब पंधरा दिवसांत आठ देश बघून आले. अथेन्सला हॉटेलच्या पायऱ्यांवर एका माणसानं त्यांना गाठलं. “त्यानं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि बरोबर ओळखलं,” असं आबासाहेब येईल त्याला सांगत. त्या माणसानं नेमकं काय ओळखलं ते मला त्याच्याकडून विकत घेतलेली डबी उघडल्याबरोबर कळलं.

डबीत चोवीस नाणी होती. कांस्याची, काळपट हिरवी. नऊ नाण्यांवर एका बाजूला मॅसेडोनियाची गोल ढाल, तिच्या कडेनं चंद्रकोरी, आणि मागं शिरस्त्राण. आठांवर युद्धनौकेचं नाकाड. आणि सात घोडेस्वार.

“सातही बघा,” आबासाहेब म्हणाले. “एका ओळीत ठेवतो. बघा, प्रत्येक घोड्याची शेपटी एकाच जागी तुटलीय. प्रत्येक स्वाराच्या गुडघ्यावर तोच एक फोड. एवढीशी चूक, पण ती सुद्धा सातांनी मिळून केली. याला म्हणतात सैन्याची शिस्त.”

आता ऐका. जुनं ग्रीक नाणं हातानं पाडत. खाली ठसा, वर ठसा, मध्ये तापवलेली चकती आणि वरून हातोडा. प्रत्येक घाव वेगळा, म्हणून दोन नाणी कधी हुबेहूब सारखी नसतात. एकाची कड चिरते, दुसऱ्याचं चित्र सरकतं. सात नाण्यांवर तोच तुटका शेपटा आणि तोच फोड म्हणजे एका नाण्याचा साचा करून त्यात सात ओतलेली. हे मी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला शिकले होते. पुण्यात गुरुजींनी तळहातावर खरी नाणी ठेवून शिकवलं होतं, आणि परीक्षेत याच प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

“खरंच शिस्त आहे,” मी म्हणाले.

आबासाहेब खूश झाले. कॉलेजात या नाण्यांचं दालन काढायचं, खंडेनवमीला उद्घाटन, पुण्याहून नाणेतज्ज्ञ डॉक्टर कोटस्थाने येणार, आणि पुस्तिका मी लिहायची. “सगळं पार पडलं की त्याच संध्याकाळी तुमच्या कागदाचं बघू,” असं म्हणून त्यांनी खणावर बोटांनी टकटक केलं.

पुस्तिकेचं नाव त्यांनीच ठरवलं होतं: ‘मॅसेडोनियाचे योद्धे आणि झुंजारे घराणे: एक दुवा’. कारण काय, तर त्यांच्या दिवाणखान्यातल्या एका ढालीवरही चंद्रकोर होती. मी आठ दिवस वाद घालून ‘एक संभाव्य दुवा’ एवढं पदरात पाडून घेतलं. त्या ‘संभाव्य’वर मी सुखानं झोपत होते. मनाशी म्हणायचे, बघ विनया, तू वाकलीस पण मोडली नाहीस. पान अकरावर मात्र ‘सर्व नाणी अस्सल असून इसवी सनापूर्वी चौथ्या ते दुसऱ्या शतकातील आहेत’ असं माझंच वाक्य होतं, आणि त्याला कुठलाही संभाव्य नव्हता. पाचशे प्रती छापून आल्या.

खंडेनवमीला सकाळी आठला मी नाणी न्यायला बंगल्यावर गेले. कार्यक्रम अकराला होता. तोपर्यंत पूजा आटपून नाणी काचेच्या कपाटात लावायची होती.

व्हरांड्यात लक्ष्मणअण्णा पोटफोडे बसले होते. गावातले शेवटचे तांबट. पासष्टी उलटलेली, हाताची बोटं चिंचेनं काळवंडलेली. कॉलेजच्या हॉस्टेलचे पाण्याचे बंब तेच घडवायचे, तेच दुरुस्त करायचे, आणि आता गिऱ्हाईक म्हणून तेवढंच मोठं काम त्यांना उरलं होतं. खंडेनवमीला आबासाहेबांची शस्त्रं घासून द्यायचा मान दरवर्षी त्यांचा. मान म्हणजे मानच, त्याचे ते काही घेत नसत. नारळ आणि टोपी, बस.

त्यांच्यापुढे परातीत माझी चोवीस नाणी होती. लखलखीत. देवघरातल्या ताम्हनासारखी.

“अण्णा, हे काय केलंत?”

“माईसाहेब म्हणाल्या, शस्त्रं घासताय तर ही पण घासा. देवापुढं काळी कशाला ठेवायची.” मग त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “बाई, बरं झालं तुम्ही आलात. जरा बोलायचंय. हे जुनं नाही.”

मी परातीजवळ खाली बसले.

“पहिल्या हाताला रंग सुटला, बाई. चिंच लावली नाही तोच. आमच्या घरी पणज्याच्या हातचा हंडा आहे, त्याचा काळेपणा मला आजवर पुरता काढता आलेला नाही. दोन हजार वर्षांचा असा पाण्यावर जाईल का? आणि ही कड बघा.” त्यांनी एक स्वार माझ्या हातात दिला. “साच्याच्या दोन भागांचा जोड इथं. वरून कानस मारलीय. घाईत मारलीय. ओतकाम आहे, आणि ओतणाराही कच्चा आहे.”

कॉलेजातल्या माझ्या पाच वर्षांत एवढं नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

“साहेबांना कुणीतरी फसवलंय,” अण्णा म्हणाले. “सांगतो त्यांना.”

“आज नको, अण्णा.”

“मग कधी? पुण्याचा माणूस येतोय म्हणे नाण्यांतला. त्यानं चार लोकांत सांगितलं तर साहेबांची शोभा होईल. त्यापेक्षा घरच्या घरी कळलेलं बरं.”

घ्या. अख्ख्या गावात आबासाहेबांच्या अब्रूची खरोखर काळजी असलेला एकच माणूस, आणि मी त्याला गप्प बसवत होते. पुढं काही बोलणार तेवढ्यात आबासाहेबच बाहेर आले. फेटा, अंगरखा, कमरेला नाटक कंपनीची तलवार. परातीकडे बघून ते थांबले.

“कुणी केलं हे?”

माईसाहेब मागोमाग फुलांचं तबक घेऊन आल्या होत्या. त्यांनी झेंडूची फुलं एकसारखी लावायला घेतली. लावलेली पुन्हा काढली, पुन्हा लावली. आपण सांगितलं होतं हे काही त्या म्हणाल्या नाहीत.

“मी घासली, साहेब,” अण्णा म्हणाले. त्यांनीही माईसाहेबांचं नाव घेतलं नाही. “पण एका परीनं बरंच झालं. साहेब, रागावू नका, ही नाणी ओतीव आहेत. हल्लीची. तुम्हाला परदेशात फसवलं कुणीतरी.”

आबासाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांची दया आली. माणूस तीस वर्षं सिमेंटची पोती मोजून एक घोडेस्वार घरी घेऊन आला होता, आणि त्याच्या खालून घोडा काढून घेतला जात होता. पण दया दोनच सेकंद टिकली, कारण त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

“मॅडम. तुमच्या पुस्तिकेत पान अकरावर काय लिहिलंय?”

“नाणी अस्सल आहेत, असं.”

“तुम्ही एम. ए. फर्स्ट क्लास. हे बंब दुरुस्त करतात. आता तुम्हीच सांगा, नाणी खरी की खोटी?”

अण्णा माझ्याकडे निर्धास्तपणे बघत होते. शिकलेली बाई आहे, दोन मिनिटांत समजावून सांगेल, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलं होतं. मला तो खण दिसला, जून दिसला, घरमालक दिसले.

“खरी होती, आबासाहेब,” मी म्हणाले. “दोन हजार वर्षांत धातूवर जो थर चढतो तोच तर त्यांचा पुरावा. तो चिंचेनं गेला. आता कुणालाही ती नवीच वाटणार.”

इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण खोटं एकदा नीट जमलं की माणसाला चेव येतो. मी पुढं म्हणाले, “अशा वस्तूला हात लावण्याआधी जाणत्या माणसाला विचारायला हवं होतं.” हे वाक्य माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं.

अण्णांनी आपल्या बोटांकडे बघितलं. मग परातीतलं एक नाणं उचललं, कड पुन्हा निरखली आणि खाली ठेवलं.

आबासाहेबांचा आवाज परत आला. केवढा आला. चोवीस योद्धे एका सकाळी मारलेस, म्हणाले. सिकंदराच्या शत्रूंना जमलं नाही ते तू केलंस, म्हणाले. आजवर ते अण्णांना अहोजाहो करत, ते त्या सकाळी संपलं. फाटकाबाहेर पूजेचे पाहुणे यायला लागले होते, त्यांच्यादेखत अण्णांना पायऱ्या उतरायला लावलं. हॉस्टेलच्या बंबांना हात लावायचा नाही, हेही तिथंच सांगितलं. नारळ माईसाहेबांच्या तबकातच राहिला.

“आता?” आबासाहेब माझ्याकडे वळले. “अकराला कोटस्थाने येतायत. त्यांना ही भांडी दाखवू?”

आणि मग मला उपाय सुचला. मला, ओगले मॅडमना, एम. ए. फर्स्ट क्लासला. मी म्हणाले, “आबासाहेब, तुमचं बुटांचं पॉलिश आहे ना? काळं?”

त्यांनी स्वतः डबी आणून दिली. मी व्हरांड्यात बसून माझ्याच रुमालानं चोवीसही नाण्यांना बुटपॉलिश लावलं. घोडे, ढाली, जहाजं, सगळी. खळग्यांत जास्त, उंचवट्यांवर कमी, कारण खरा काळेपणा असाच बसतो, हे मी शिकलेली होते. शिक्षण वाया जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

डॉक्टर कोटस्थाने अकरा वाजून दहा मिनिटांनी आले. फीत कापली. कपाट उघडून आबासाहेबांनी एक घोडेस्वार त्यांच्या हातावर ठेवला. डॉक्टरांनी भिंग लावलं. सातही स्वार एकदा बघितले, मग पुन्हा एका शेपटीकडून दुसऱ्या शेपटीकडे गेले. मग त्यांनी नाणं नाकाजवळ नेलं. हुंगलं. मान वर करून त्यांनी सभागृहात नजर फिरवली, आणि माझ्या उजव्या हाताच्या काळ्या बोटांवर ती थांबली. मी हात पदराआड घेतला.

गेलं सगळं, मला वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर बरंही वाटलं. आता हा मोठा माणूस बोलेल, मग मला बोलावं लागणार नाही, आणि अण्णांचंही आपोआप खरं ठरेल.

डॉक्टर माइकपाशी गेले. म्हणाले, “पस्तीस वर्षं मी नाणी बघतोय. पण असा संग्रह मी आजवर कुठंही पाहिला नाही.” टाळ्या पडल्या. मग ते ग्रीकांच्या भाल्यांची लांबी यावर चाळीस मिनिटं बोलले, शाल-श्रीफळ घेतलं, श्रीखंडाचं जेवण जेवले आणि संस्थेच्या गाडीनं पुण्याला गेले. निघताना माझ्याजवळून जात हळूच म्हणाले, “पुढच्या वेळी मेण वापरा, वास येत नाही.”

संध्याकाळी आबासाहेबांनी कागदावर सही केली. पेन झटकून म्हणाले, “मॅडम, तुमच्यासारखी निष्ठेची माणसं हवीत संस्थेला.” आईनं देवापुढं साखर ठेवली आणि डोळे पुसले. मी तिला नाण्यांचं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी सगळं गाव सोनं वाटत हिंडत होतं. मीही आपट्याची पानं घेऊन तांबट आळीत गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. अण्णांच्या दुकानाला फळ्या लावलेल्या होत्या, ते ओट्यावर बसले होते. मी पानं हातात देऊन वाकून नमस्कार केला.

“या बाई, बसा. चहा घ्या,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळं मला फार लाज वाटली.

बराच वेळ ते पानांची देठं खुडत बसले. मग म्हणाले, “एक विचारू का? रागावू नका. मी काल बोललो ते चुकीचं होतं का? काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पन्नास वर्षं या हातात तांबं-पितळ आहे. कड बघितली, जोड बघितला, अजून डोळ्यासमोर आहे. पण तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणालात खरी होती. मग मी काय बघितलं? सिकंदराच्या वेळेपासून राहिलेली वस्तू माझ्या हातून गेली असेल तर, बाई, मी हातोडी ठेवून देतो. असल्या हातानं काम करू नये माणसानं.”

त्यांचे हात मांडीवर पालथे पडले होते. मला ते बघवेना.

“नाही, अण्णा,” मी म्हणाले. “तुम्ही बघितलंत ते बरोबर होतं. नाणी खोटीच आहेत. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

मला वाटलं, आता हे मला शिव्या देतील. तयारीनंच आले होते. पण अण्णांनी मोठा श्वास सोडला आणि ते हसले. अगदी मोकळं हसले. आत वळून बायकोला हाक मारली, “अगं ऐकलंस का? खोटीच होती. बाईंनी स्वतः सांगितलं. माझा हात चुकला नव्हता.” आतून काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी माझ्या हातावर साखरेची वडी ठेवली आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

“काल पाहुणे होते, साहेब तापलेले. तुम्ही तरी काय करणार,” अण्णा म्हणाले. त्यांनी माझी अडचण माझ्यापेक्षा चांगली मांडली. “आता सणाचे दोन दिवस जाऊ देत. मग तुम्ही साहेबांना सांगालच.”

“सांगते,” मी म्हणाले, आणि वडी खाल्ली.

कायम झाल्यावर मी आणखी एकोणतीस वर्षं त्या कॉलेजात नोकरी केली. शेवटची अकरा वर्षं विभागप्रमुख होते, नाण्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची. पुढच्याच वर्षी, सत्त्याऐंशीच्या खंडेनवमीला अण्णा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, बंगल्यावरून बोलावणं येईल म्हणून पहाटेपासून ओट्यावर बसले होते आणि दुपारी उठून आत गेले, हे मला सुट्टीनंतर आमच्या शिपायानं कॉलेजच्या व्हरांड्यात गाठून सांगितलं. माझा तास होता. मी हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेले.